तान्ह्या लेकराची कावीळ आणि निळा दिवा



लागण, खोडवा, पाण्याच्या पाळ्या आणि खताचे हप्ते यांविषयी या पत्रिकेतून आपण नेहमी वाचता. या खेपेचा विषय शेतातला नाही, घरातला आहे. पण ज्या घरात नुकतेच बाळंतपण झाले आहे किंवा होणार आहे, त्या घराला तो उसाच्या पहिल्या उचलीपेक्षा महत्त्वाचा आहे, म्हणून सर्वांनी, विशेषतः घरातील वडीलधाऱ्या बायांनी, तो वाचावा किंवा वाचून घ्यावा.

बाळ दोन-तीन दिवसांचे झाले की पुष्कळ घरांतून एक बोलणे हमखास ऐकू येते. “लेकरू जरा पिवळं दिसतंय, सकाळच्या उन्हात धरा, होईल कमी.” हल्ली यात आणखी एका उपायाची भर पडली आहे. कुणी तरी दवाखान्यात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलेले पाहून येते आणि म्हणते, “त्यात काय एवढं? बल्बच तर आहे. आपण घरीच लावू.” मग बाजारातून निळा झिरोचा बल्ब येतो, नाही तर आजोबांच्या गुडघ्याला शेक देण्याचा लाल दिवा बाळाच्या बाजेवर टांगला जातो. यातला कोणता उपाय खरा, कोणता निरुपयोगी आणि कोणता घातक, हे नीट समजून घेणे जरूर आहे.

बाळ पिवळे का पडते?

पहिली गोष्ट ही की तान्ह्या बाळाची कावीळ आणि मोठ्या माणसाची कावीळ या एक नव्हेत. मोठ्या माणसाला कावीळ बहुधा दूषित पाण्यातून किंवा यकृताच्या दुखण्यातून होते. बाळाची कावीळ निराळ्या कारणाने होते. पुऱ्या दिवसांच्या दर १०० बाळांपैकी सुमारे ६० बाळे आणि अपुऱ्या दिवसांच्या दर १०० पैकी सुमारे ८० बाळे पहिल्या आठवड्यात थोडीफार पिवळी दिसतात. त्यातल्या बहुतेकांना काहीही उपचार लागत नाही.

आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात. जन्मानंतर त्या भराभर मोडतात आणि त्यातून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. हे द्रव्य पित्तावाटे बाहेर टाकण्याचे काम यकृताचे. पण नव्या बाळाचे यकृत पहिले काही दिवस पुऱ्या जोमाने चालत नाही. आपल्या कारखान्याचे उदाहरण घ्या. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात उसाच्या गाड्या तर धडाधड येऊन उभ्या राहतात, पण मिल अजून पूर्ण क्षमतेने गाळप करीत नसते. मग गाड्या यार्डात तुंबतात. बाळाच्या रक्तात बिलिरुबिन तुंबते ते असेच. पुऱ्या दिवसांच्या बाळात तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ही तुंब सर्वांत जास्त असते आणि पुढे आठवडा-दोन आठवड्यांत यकृत कामाला लागले की आपोआप निघते.

पण काही बाळांत हे द्रव्य मर्यादेबाहेर वाढते. आईचा रक्तगट आर-एच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असणे, आईचा गट ‘ओ’ आणि बाळाचा ‘ए’ किंवा ‘बी’ असणे, बाळ अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे असणे, आधीच्या भावंडाला कावीळीसाठी दिव्याखाली ठेवावे लागलेले असणे, बाळाला पुरेसे दूध न मिळणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. आईने हळद खाल्ली किंवा पिवळे लुगडे नेसले म्हणून बाळ पिवळे होत नाही.

मर्यादेबाहेर वाढलेले बिलिरुबिन मेंदूत उतरते. आधी बाळ सुस्त पडते, ओढून दूध पीत नाही, अंग सैल टाकते. पुढे अंग धनुष्यासारखे मागे ताणते आणि चिरक्या आवाजात रडते. अशा अवस्थेतून बाळ वाचले तरी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मग मान धरणे, बसणे, चालणे या गोष्टी साधत नाहीत, हातापायांच्या वेड्यावाकड्या हालचाली राहतात, कान बहिरे होतात. हे नुकसान कोणत्याही औषधाने भरून येत नाही, आणि वेळेवर दिवा मिळाला तर ते बहुतेक वेळा टाळता येते.

हा दिवा आला कोठून?

इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफर्ड नावाच्या गावी एक रुग्णालय होते. तेथे सिस्टर वॉर्ड या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांची देखभाल करीत. मोकळी हवा आणि ऊन बाळांना चांगले, असे त्यांचे मत होते, आणि हवा बरी असली की त्या बाळांना बाहेर अंगणात नेत. १९५६ साली त्यांनी एक बाळ डॉक्टरांना उघडे करून दाखविले. त्याचे सारे अंग फिके झाले होते, पण एक त्रिकोणी जागा तेवढी गर्द पिवळी होती. त्या जागेवर चादरीचा कोपरा आलेला होता! म्हणजे त्या बाईंनी पिवळेपणा लावला नव्हता. जेथे जेथे उजेड पडला तेथला तो उतरला होता. पुढे तेथेच काविळीच्या बाळाच्या रक्ताची एक नळी खिडकीत उन्हात राहिली आणि तपासली तेव्हा तिच्यातील बिलिरुबिन पुष्कळ कमी भरले. डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग करून दिव्यांचे यंत्र बनविले आणि १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात माहिती प्रसिद्ध केली. आज जगभर बाळांना याच तत्त्वावर उपचार होतो. एका परिचारिकेच्या चौकस नजरेने केवढे काम केले पाहा.

उजेड करतो काय? बिलिरुबिन मुळात पाण्यात विरघळत नाही, म्हणून यकृताने प्रक्रिया केल्याखेरीज ते बाहेर पडत नाही. निळा उजेड कातडीवर पडला की कातडीतील बिलिरुबिनच्या कणाची ठेवणच बदलते. ते पाण्यात मिसळण्याजोगे होते आणि यकृताची वाट न पाहता पित्तावाटे व लघवीवाटे निघून जाते. यार्डात तुंबलेल्या गाड्यांना दुसरे फाटक उघडून द्यावे, तसा हा प्रकार आहे.

मग घरचा बल्ब का चालत नाही?

कारण प्रत्येक दिव्याचे काम वेगळे आहे. बाळाच्या काविळीला लागतो तो ठराविक निळा प्रकाश, सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा. शिवाय तो पुरेशा जोराचा हवा. जास्त कावीळ असलेल्या बाळाला दर चौरस सेंटिमीटरला, दर नॅनोमीटरला ३० मायक्रोवॅट इतका तरी जोर लागतो. तो मोजायला वेगळे मीटर असते. डोळ्यांना तो ओळखू येत नाही. दवाखान्यातील जुन्या निळ्या ट्यूबसुद्धा काही काळाने कमजोर होतात. बघणाऱ्याला उजेड तितकाच दिसतो, पण औषधाचा अंश कमी झालेला असतो. आता एलईडीची यंत्रे आली आहेत, ती जास्त टिकतात आणि तापतही कमी.

निळा झिरोचा बल्ब म्हणजे नुसती रंगवलेली काच. त्याच्यातून कामाचा प्रकाश जवळजवळ मिळतच नाही. जुना पिवळा १०० किंवा २०० चा बल्ब तर उष्णता जास्त देतो, निळा अंश फार थोडा. त्याच्याखाली बाळ भाजण्याची भीती, त्याच्या अंगातले पाणी कमी होण्याची भीती, आणि कावीळ मात्र तशीच. पाठदुखी-गुडघेदुखीसाठी घरी आणलेला लाल दिवा हा शेकाचा दिवा आहे. तो आजोबांच्या गुडघ्याला ठीक, बाळाला कदापि लावू नये. उत्तरेकडील थंड मुलुखात हिवाळ्यात दिवस अगदी लहान होतो, त्यामुळे काही लोकांचे मन खचते. तेथे स्थायिक झालेली आपली माणसेही त्यासाठी सकाळी पांढऱ्या प्रखर दिव्यासमोर बसतात. तोही प्रकाशोपचारच, पण त्याचा बाळाच्या काविळीशी काही संबंध नाही. कोडासाठी वापरतात तो दिवा आणखी निराळा, अतिनील किरणांचा. तो तर बाळाला घातकच ठरेल. फवारणीचे सारे पंप बाहेरून सारखेच दिसतात म्हणून तणनाशकाचा पंप आपण कपाशीवर चालवत नाही. तसेच हे आहे.

आणि कोवळे ऊन? उन्हात निळा प्रकाश आहे हे खरे. पण पुरेसा परिणाम व्हायचा तर बाळाला उघड्या अंगाने बराच वेळ उन्हात ठेवावे लागेल. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात त्याची कातडी भाजेल, आणि पौष-माघाच्या सकाळी ठेवले तर ते गारठेल. खिडकीतून येणाऱ्या पाच-दहा मिनिटांच्या तिरिपीने काही साधत नाही. नायजेरियात डॉक्टरांनी घातक किरण अडविणाऱ्या खास पडद्यांच्या मांडवाखाली बाळांना उन्हात ठेवून उपचार करून पाहिले. २०१५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि तो उपाय दिव्याच्या बरोबरीचा ठरला. पण ते काम रुग्णालयाच्या देखरेखीखाली, रक्त तपासून, ताप मोजून झाले होते. घरच्या ओसरीवरचे ऊन म्हणजे तो उपचार नव्हे. “उन्हात धरतोय की रोज” असे म्हणत चार दिवस काढणे हाच खरा धोका आहे.

डोळ्यांनी अंदाज नको

ऊस पक्व झाला की नाही हे आपण नुसते वाढे बघून ठरवत नाही. शेतकी खात्याचा माणूस हॅण्ड रिफ्रॅक्टोमीटर लावून ब्रिक्स पाहतो, मग तोडणीचा क्रम लागतो. काविळीचेही तसेच. पिवळेपणा चेहऱ्यावर आधी दिसतो आणि वाढत गेला की छाती, पोट, मांड्या करीत तळहात-तळपायांपर्यंत उतरतो. पण हा झाला अंदाज. सावळ्या बाळात तो आणखी चुकतो, आणि बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत तर काही कळतच नाही. म्हणून बाळाला रोज एकदा दिवसाच्या उजेडात, दाराशी आणून उघडे पाहावे. कपाळावर किंवा छातीवर बोट हलके दाबून उचलावे, खालची कातडी पिवळी दिसते का ते बघावे. दिसली तर पुढचा निर्णय रक्ताच्या तपासणीने व्हावा. किती आकड्याला दिवा लावायचा हे बाळ किती तासांचे आहे आणि किती दिवस भरून जन्मले आहे यावर ठरते. पाचव्या दिवशी चालणारा आकडा पहिल्या दिवशी धोक्याचा असू शकतो.

पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तरी वाट पाहू नये, त्याच दिवशी बाळाला दवाखान्यात न्यावे.

१) जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळ पिवळे दिसणे.
२) तळहात आणि तळपाय पिवळे होणे.
३) बाळ सुस्त पडणे, दूध न ओढणे, अंग सैल टाकणे किंवा मागे ताणणे, चिरके रडणे, ताप येणे किंवा अंग गार पडणे.
४) बाळ अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे असून पिवळे दिसणे.
५) दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहणे. त्यातून शी पांढरट, मातकट रंगाची आणि लघवी गर्द पिवळी असेल तर ही गोष्ट फारच निकडीची. तेथे पित्ताचा मार्ग बंद असण्याची शंका असते, आणि त्यावरची शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचे होण्याच्या आत झाली तरच तिचा चांगला उपयोग होतो.

घरी दिवा लावताच येत नाही का?

येतो, पण डॉक्टरांनी सांगितला तरच. पुण्या-मुंबईकडे बाळासाठीची खरी एलईडी यंत्रे घरी भाड्याने मिळतात. बाळाला गुंडाळण्याचे, प्रकाश देणारे पांघरूणही असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली घरच्या दिव्यासाठी अटी घालून दिल्या आहेत. बाळ ३८ आठवडे पूर्ण करून जन्मलेले असावे, किमान ४८ तासांचे असावे, ठणठणीत असावे, दूध चांगले पीत असावे, रक्तगटाचा वगैरे धोका नसावा, आधी दिव्याचा उपचार झालेला नसावा, बिलिरुबिन उपचाराच्या रेषेपेक्षा १ मिलिग्रॅमहून जास्त वर नसावे, यंत्र विनाविलंब घरी यावे आणि रक्त रोज तपासता यावे. आता आपणच विचार करा. जळकोट तालुका लातूर जिल्ह्याच्या टोकाला, नांदेडच्या हद्दीला लागून. वाड्या-तांडे लांब, रात्री-अपरात्री वीज जाते, रोज रक्त तपासायची सोय गावात नाही. अशा ठिकाणी दवाखान्यातला दिवाच बरा.

दिवा दवाखान्यात असो वा डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरी, काही पथ्ये पाळावी लागतात. बाळाच्या अंगावर लंगोटाखेरीज कपडा नसावा, कारण झाकलेल्या जागेवर औषध पोचत नाही. डोळ्यांवर पट्टी हवी आणि ती घसरून नाकावर येऊ नये. दर दोन-तीन तासांनी अंगावर पाजावे, पाणी वा साखरेचे पाणी देऊ नये. आजीला नातवाची दया येऊन ती त्याला पुन्हा पुन्हा मांडीवर घेते, पण पाजण्यापुरतेच घ्यावे, बाकी वेळ बाळ दिव्याखालीच राहावे. शी हिरवट आणि पातळ होते, त्याला घाबरू नये. दिव्याखाली कातडी फिकी दिसते म्हणून “उतरली कावीळ” असे समजून घरी निघू नये. रक्ताचा आकडा उतरला पाहिजे, आणि दिवा बंद केल्यावर तो पुन्हा चढतो का हेही डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्यावे.

घरात करण्याजोगे आणि टाळण्याजोगे

सर्वांत मोठा घरगुती उपाय म्हणजे आईचे दूध. बाळंतपणानंतर तासाभरात बाळाला छातीला लावावे. पहिले चिकाचे दूध टाकून देऊ नये. ते पोटात गेले की बाळाची पहिली काळी शी लवकर पडते आणि तिच्याबरोबर बिलिरुबिनही जाते. मध, गुटी, साखरेचे पाणी देत बसले की दूध कमी जाते आणि कावीळ वाढते.

दुसरी गोष्ट, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या गोधड्या आणि दुपटी काढून तशीच बाळाला गुंडाळू नयेत. काही बाळांत जन्मतःच रक्तातील एका घटकाची उणीव असते. त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वासाने भराभर फुटतात आणि कावीळ एकदम चढते. कोणते बाळ तसे आहे हे वरून कळत नाही. म्हणून ते कपडे आधी धुऊन, उन्हात वाळवून घ्यावेत, आणि बाळाच्या कपड्यांत गोळ्या ठेवूच नयेत.

तिसरी गोष्ट, कावीळ ‘उतरवण्या’ची. चुन्याच्या निवळीत हात धुऊन पाणी पिवळे करून दाखवणे, गळ्यात माळ घालणे, नाकात रस पिळणे, पोटावर डाग देणे हे प्रकार कुठे कुठे अजून होतात. माळेने अपाय होत नाही म्हणावे, तर तिच्या भरवशावर जो दिवस जातो तोच अपाय. आणि नाकातले औषध व डाग हे तर तान्ह्या जिवावर उघड संकट आहे.

आर-एच निगेटिव्ह आईने आपला गट गरोदरपणीच डॉक्टरांना सांगावा. अशा बाईला ॲन्टी-डी इंजेक्शन वेळेवर दिले तर पुढच्या बाळांचा मोठा धोका टळतो.

सोय कोणती आहे?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तीन वर्षांत तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ साली हे काम ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर आज आपल्या गावची आशाताई घरी येते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिची फेरी असते. तिला ओसरीवरून परत पाठवू नका. आत नेऊन बाळ उजेडात दाखवा.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाची तपासणी, औषधोपचार आणि ने-आण यांचा खर्च घ्यावयाचा नाही असे ठरले आहे. १०८ ला फोन करावा. लातूर आणि नांदेड येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. जवळ उदगीरही आहे. बाळासाठीचा दिवा कोठे चालू आहे हे निघण्यापूर्वी आशाताईकडून किंवा फोनवरून विचारून घ्यावे, म्हणजे एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यात वेळ जात नाही. वाटेत बाळ आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घेऊन न्यावे आणि पाजत राहावे.

टोळीतल्या लेकराचे काय?

शेवटी एक गोष्ट सभासदांना खास सांगावयाची आहे. गाळप हंगामात आपल्या उसात तोडणीची टोळी उतरते. त्यात अवघडलेल्या बाया असतात आणि कित्येकींचे बाळंतपण कोपीवरच होते. त्यांची आशाताई त्यांच्या गावी राहिलेली असते, आणि इथली आशाताई त्यांना ओळखत नाही. कोपीत उजेड नाही, दार बुटके, बाई चार-सहा दिवसांत पुन्हा मोळ्या बांधायला उभी. तिचे लेकरू पिवळे पडले तर पाहणार कोण?

म्हणून ज्याच्या शेतावर टोळी आहे त्या सभासदाने मुकादमाला विचारावे की बाळंतीण किंवा दिवस भरत आलेली बाई कोणी आहे काय. असल्यास आपल्या गावच्या आशाताईला कळवावे. कोपीवर बाळ जन्मले असेल तर तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी घरच्या बाईने जाऊन ते दिवसाच्या उजेडात पाहून यावे. वर दिलेल्या खुणांपैकी एक जरी दिसली तर आपली मोटरसायकल, जीप, जे असेल ते काढावे, नाही तर १०८ ला फोन करावा. एक दिवस तोडणी मागे पडली तर ऊस उभा राहतो. बाळाचा तो एक दिवस गेला तर पुन्हा मिळत नाही.

हे पान काढून घरात दाराजवळ चिकटवून ठेवावे आणि पाच खुणा घरातल्या सर्वांना वाचून दाखवाव्यात, ही विनंती.